मेलेला मासा दिसतो, न जन्मलेला कोण मोजणार?



गेली काही वर्षं बैठकीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. पोयीत मासे मेलेले दिसत नाहीत, नदीला वास नाही, मग बारीक मासळी गेली कुठे? कोणी ट्रॉलरना दोष देतो, कोणी बारीक आसाच्या जाळ्यांना. त्यात खोटं काही नाही. पण तिसरं एक कारण आहे आणि त्यावर आपल्यात फारसं बोलणं होत नाही. पाण्यातला प्राणवायू मासा मरण्याइतका खाली यायच्या बराच आधी अंड्यात आणि पिलात बिघाड सुरू होतो. सांडपाणी, साबण, जळकं तेल आणि होडीचा रंग यांतून येणारी काही रसायनं तोच बिघाड वाढवतात. मोठा मासा पोहत राहतो, म्हणून आपल्याला वाटतं की पाणी बरं आहे. आजचा लेख त्याबद्दल. थोडा मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण पुढच्या बैठकीत यावर निर्णय घ्यायचा आहे.

*पाण्यात प्राणवायू असतो तरी किती?*

एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. आपल्याकडे पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा एक लिटर गोड्या पाण्यात तो फार तर पावणेआठ मिलिग्रॅम मावतो आणि समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आत. पाणी जितकं तापेल आणि जितकं खारट होईल, तितका प्राणवायू कमी. म्हणजे मासा मुळातच तुटपुंज्या भांडवलावर संसार करतो. त्यातून दोन-तीन मिलिग्रॅम गेले तर त्याचं अर्धं भांडवल गेलं.

हे भांडवल खाणारे पुष्कळ. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू देतं, पण रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. कुजणारा पालापाचोळा, मासळीचे टाकाऊ तुकडे, सांडपाण्यातला मैला हे सगळं कुजवणारे जिवाणू दिवसरात्र प्राणवायू खातात. त्यामुळे सूर्य उगवायच्या आधीची वेळ सगळ्यात वाईट. पहाटे मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात ते यामुळेच. दुपारी बारा वाजता त्याच पोयीत पाणी तपासलं तर आकडा चांगला येतो. म्हणून दुपारचा नमुना घेऊन कोणी 'सगळं ठीक आहे' म्हणालं तर त्यावर जाऊ नका.

दुसरी वाईट वेळ म्हणजे भांगाचे दिवस. उधाणाला भरती-ओहोटीचं पाणी जोरात आत-बाहेर होतं आणि खाजनातलं पाणी बदलतं. भांगाला पाणी जेमतेम हलतं. त्यात मानशीची दारं बंद असली तर आतलं पाणी तिथल्या तिथे शिळं होतं.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर मासा सुखात. ३ ते ४ ला तो खाणं कमी करतो, वाढ मंदावते. २ च्या खाली जीवावर बेततं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मासळीच्या वाढीसाठी नदी-तळ्याच्या पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू धरला आहे.

*अंड्याला कल्ले नसतात*

मोठ्या माशाला पाणी आवडलं नाही तर तो जागा सोडतो, वर येतो, कल्ले भराभर हलवतो. अंडं यातलं काहीच करू शकत नाही. त्याला कल्ले नाहीत. कवचातून जितका प्राणवायू आपोआप आत झिरपेल तितकाच त्याचा.

आपलं कालुंदर बघा. ते दगडाला, बांबूला, पाण्यातल्या लाकडाला अंडी चिकटवतं आणि मग नर-मादी दोघंही राखण करतात. ती दोघं अंड्यांजवळ सारखी पंख हलवत असतात, हे पागी लोकांनी शंभर वेळा पाहिलेलं आहे. ते नुसतं शत्रूला हाकलणं नाही. अंड्यांवरून ताजं पाणी फिरवायचं काम चाललेलं असतं. पण जे पाणी फिरवायचं त्यातच प्राणवायू नसेल तर आईबापाने पंख हलवून काय होणार?

प्राणवायू कमी पडला की अंड्यातल्या गर्भाची वाढ रेंगाळते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. पिल्लू बाहेर आलं तरी लहान, अशक्त, कधी पाठीच्या कण्यात वाकलेलं. अशा पिलाला पहिला घास पकडता येत नाही आणि शत्रूपासून पळताही येत नाही. ते दोन दिवसांत कोणाच्या तरी पोटात जातं. पाण्यावर तरंगत नाही, वास येत नाही, फोटो निघत नाही. हंगामात जाळ्यात मासा कमी येतो, एवढंच आपल्याला कळतं.

*नर की मादी, हे ठरतं कसं?*

आता मुख्य गोष्ट. माणसाचं मूल मुलगा की मुलगी हे गर्भधारणेलाच ठरतं. माशांचं तसं पक्कं नसतं. आपला चणाक आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणून मोठे चणाक बहुतेक माद्या निघतात. गोबऱ्याचं उलट, तो आधी मादी आणि नंतर नर. हा बदल शरीरातल्या हार्मोनमुळे घडतो. जे मासे जन्मभर एकाच लिंगाचे राहतात, त्यांच्यातही पहिल्या काही आठवड्यांत हार्मोनचा तोल जिकडे झुकेल तिकडे पिल्लू जाऊ शकतं.

तिलापियाची शेती करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. बीजकेंद्रांत तिलापियाच्या पिलांना पहिले तीन-चार आठवडे नर-हार्मोन मिसळलेलं खाद्य देतात आणि जवळजवळ सगळी पिल्लं नर होतात. नर लवकर वाढतो म्हणून ते मुद्दाम करतात. लहान पिलाला थोडं हार्मोन पुरतं, हे त्यावरून कळतं. तिथे ते हिशेबाने दिलेलं असतं. नदीत तोच हिशेब बिघडला तर?

माशाच्या शरीरात अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम असतं. नर-हार्मोनचं मादी-हार्मोन करायचं काम त्याचं. ते जोरात चाललं तर अंडाशय तयार होतं, मंदावलं तर पिल्लू नराकडे झुकतं. असली हार्मोन तयार करणाऱ्या एन्झाइमना काम करायलाच प्राणवायू लागतो. शिवाय प्राणवायू कमी झाला की या एन्झाइमचं उत्पादनही शरीर कमी करतं.

हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. २००३ साली त्यांनी कार्प म्हणजे आपल्या सायप्रिनस माशावर दाखवलं की कमी प्राणवायूच्या पाण्यात हार्मोन बिघडतात आणि अंडी-शुक्राणू नीट पिकत नाहीत. २००६ साली झेब्राफिशची पिल्लं अंड्यापासून कमी प्राणवायूत वाढवली, तर शंभरात ७४ नर निघाले. चांगल्या पाण्यातल्या पिलांत हे प्रमाण ६२ होतं. झेब्राफिश म्हणजे आपल्याच देशातल्या नदी-ओढ्यांतला पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा.

कोणी म्हणेल, ही प्रयोगशाळेतली काचेची टाकी, समुद्राचं काय? अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात, मिसिसिपी नदीच्या मुखासमोर दर उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. शेतातली खतं नदीतून येतात, शेवाळ माजतं आणि कुजतं. तिथल्या क्रोकर माशावरचा, म्हणजे आपल्या दोडयाऱ्याच्या कुळातल्या माशावरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी प्राणवायूच्या भागातल्या काही माद्यांच्या अंडाशयात चक्क नराच्या शुक्राणूंची ऊती वाढत होती. नरांची संख्याही जास्त होती. ते मासे मेलेले नव्हते. जाळ्यात जिवंत आले होते आणि बाजारात कोणालाही चांगलेच वाटले असते.

त्याहून काळजीची गोष्ट २०१६ मध्ये पुढे आली. पुन्हा हाँगकाँग, मासा मेडाका. आजोबा-आजीला कमी प्राणवायूत ठेवलं. त्यांची मुलं आणि नातवंडं चांगल्या पाण्यात वाढवली. तरीही नातवंडांच्या प्रजननात दोष राहिला. म्हणजे एका वर्षीच्या खराब पाण्याचा हिशेब त्याच वर्षी संपतो असं नाही.

नर जास्त झाले तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. अंडी मादी देते. एक नर बऱ्याच माद्यांची अंडी फळवू शकतो, पण दहा नर मिळून एक अंडं घालू शकत नाहीत. माद्या कमी झाल्या की पुढच्या वर्षीचं बी कमी झालं. एवढा हिशेब आपल्याला कोणी शिकवायला नको.

*हार्मोनची नक्कल करणारी रसायनं*

काही रसायनं शरीरात गेली की हार्मोनसारखी वागतात किंवा हार्मोनचं काम अडवतात. त्यांना लागणारं प्रमाण ऐकून विश्वास बसत नाही.

कॅनडात ओंटारियो प्रांतात काही तळी फक्त संशोधनासाठी राखलेली आहेत. कॅरेन किड आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या एका तळ्यात २००१ ते २००३ या तीन वर्षांच्या उन्हाळ्यांत गर्भनिरोधक गोळ्यांतलं मादी-हार्मोन सोडलं. प्रमाण लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम. एक ग्रॅम औषध वीस कोटी लिटर पाण्यात मिसळलं तर जे प्रमाण होईल, ते. तळ्यातल्या छोट्या मिनो माशाच्या नरांत अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं. काहींच्या वृषणात अंडी दिसली. आणि बघता बघता त्या माशांची तळ्यातली संख्या जवळजवळ शून्यावर आली. औषध सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी मासा परत वाढला. ही चांगली बातमीही लक्षात ठेवायची.

गोळ्यांचं हार्मोन माणसाच्या लघवीतून सांडपाण्यात येतं. औद्योगिक डिटर्जंट आणि धुण्याच्या काही रसायनांपासून नोनिलफेनॉल तयार होतं, तेही मादी-हार्मोनची नक्कल करतं. इंग्लंडमध्ये सांडपाणी केंद्रांच्या खाली नदीत मिळालेल्या रोच माशांच्या नरांत अंडी सापडल्याचं १९९८ मध्ये जाहीर झालं.

उलट्या दिशेचं रसायन आपल्या धंद्यातलंच आहे. होडीच्या बुडाला शिंपले, कालवं धरू नयेत म्हणून लावायच्या रंगात पूर्वी टीबीटी नावाचं कथलाचं संयुग असायचं. त्यामुळे समुद्री शंखांच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं. हे लांबचं उदाहरण नाही. आपल्या मुरगाव बंदराच्या भागात अशा शंख-माद्या सापडल्याची नोंद दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्येच केली आहे. जपानमध्ये लेपाच्या जातीच्या माशाच्या पिलांना टीबीटी मिसळलेलं खाद्य दिलं, तर मादी व्हायच्या पिलांपैकी काही नर झाली. जगभर मोठ्या जहाजांवरही या रंगाला २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार बंदी आहे. पण जुना रंग खरवडून गाळात पडला की तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

फ्रान्समध्ये आर्काशों नावाच्या खाडीत कालवांची मोठी शेती आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे कालवांचं बीच धरेना. कारण निघालं होड्यांचा हाच रंग. १९८२ मध्ये सरकारने लहान होड्यांवर त्याला बंदी घातली आणि पुढच्या हंगामांत बी परत धरू लागलं.

*दोन्ही एकत्र आले तर*

आपल्या नदीत हे दोन त्रास वेगवेगळे येत नाहीत. सांडपाण्याची एकच नळी कुजणारा मैलाही आणते आणि हार्मोनही. मैला प्राणवायू खातो, हार्मोन पिलाला बिघडवतं. प्राणवायू कमी म्हणून मासा कल्ल्यांवरून जास्त पाणी ओढतो, आणि जास्त पाण्याबरोबर त्यातलं विषही जास्त आत जातं.

प्राणवायूची कमतरता पिलाला नराकडे ढकलते आणि साबणातली रसायनं मादीकडे, म्हणून दोन्ही मिळून तोल सावरेल असं कोणी समजू नये. एकाच गाडीचा गिअर दोघांनी दोन बाजूंना ओढला तर गाडी सरळ जात नाही, गिअरबॉक्स तुटतो. मासा ना धड नर होतो, ना धड मादी.

जळक्या तेलाचंही तसंच. डिझेल आणि तेल जळताना फ्लोरँथीन नावाचं रसायन तयार होतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये झेब्राफिशच्या गर्भावर पाहिलं, की ते रसायन आणि कमी प्राणवायू एकत्र आले तेव्हा हृदयाभोवती पाणी साठलं आणि कणा वाकला. दोन्हींची जोडी जमली की बिघाड होतो. जेटीवर बिल्जचं तेलकट पाणी सोडताना हे आठवावं.

*आपला समुद्र मुळातच काठावर आहे*

पावसाळ्यात नैऋत्य वाऱ्यांमुळे खोल समुद्रातलं कमी प्राणवायूचं पाणी आपल्या किनाऱ्याकडे तळातून चढतं. वर नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली जात नाही. कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था वर्षानुवर्षं नोंदी घेत आली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या तळाच्या पाण्यात कधी कधी प्राणवायू पूर्ण संपतो आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. ही घटना तीव्र होत असल्याचं संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० सालीच लिहिलं होतं. कोचीसमोर असं पाणी चढलं की तळाची मासळी जागा सोडते, हे कार्ल बान्से या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये दाखवलं होतं.

हे पाणी आणण्यात आपला हात नाही आणि ते थांबवणंही आपल्या हातात नाही. पण त्याच दिवसांत शेवट्याची, चणाकाची आणि कोळंबीची पिल्लं नदीत, खाजनात आसरा शोधतात. बाहेर श्वास कोंडलेला असताना आतला आसरा तरी चांगला राहिला पाहिजे. आतलं पाणी आपल्या हातात आहे.

*आपण काय करू शकतो*

१. पहाटेची नोंद. संस्थेने प्राणवायू मोजायचं एक हातातलं मीटर घ्यावं, निदान तपासणीचं किट घ्यावं. तीन ठिकाणी, पहाटे साडेपाचच्या सुमारास, भांगाच्या दिवशी आणि उधाणाच्या दिवशी मोजावं. वहीत तारीख, वेळ, भरती-ओहोटी आणि आकडा लिहावा.

२. मानशीची दारं. हा विषय नाजूक आहे, मला माहीत आहे. मानस लिलावात घेणाऱ्याने पैसे भरलेले असतात. जाळं ओहोटीला लागतं आणि भांगाला दार उघडून हाताला काही लागत नाही. पण पहाटेचा आकडा ३ च्या खाली आला तर भांगालाही रात्रीच्या भरतीला पाणी आत घ्यावं, अशी अट पुढच्या लिलावाच्या कागदात घालता येईल का, यावर कुळांशी आणि लिलावदारांशी बसून बोलायला हवं. आज एका रात्रीची मेहनत गेली तरी वर्षाचं बी वाचतं.

३. तेल. बिल्जचं पाणी आणि इंजिनचं जळकं तेल जेटीवर ठेवलेल्या पिंपात. नदीत नाही.

४. रंग. नवा रंग घेताना त्यात कथलाचं संयुग नाही असं दुकानदाराकडून लेखी घ्या. जुना रंग खरवडताना खाली ताडपत्री घाला आणि खरवड गोळा करा. ओहोटीला किनाऱ्यावर खरवडून भरतीवर सोपवू नका.

५. टाकाऊ मासळी आणि पेटीतलं घाण पाणी जेटीच्या कोपऱ्यात टाकू नका. होडी धुवायला काथ्याचा ब्रश आणि साधं पाणी पुरतं.

६. सांडपाणी. सेप्टिक टँकरने रात्री ओहोळात मैला सोडल्याचं दिसलं तर वेळ आणि जागा लिहून संस्थेकडे द्या. पहाटेच्या नोंदवहीसह अर्ज गेला तर पंचायत आणि प्रदूषण मंडळ यांना उत्तर द्यावं लागतं. नुसत्या तक्रारीपेक्षा आकड्याला वजन असतं.

आणि सातवं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या भगिनी बाजारात रोज मासे कापतात. कुठल्या माशात गाबोळी आहे आणि कुठल्यात पांढरा चीक, हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? हंगामात आठवड्यातून एक दिवस, पन्नास शेवट्यांत किती माद्या, किती नर, कोणाची गाबोळी अर्धवट, कोणाचा कणा वाकडा, एवढं एका कागदावर रेघा मारून नोंदवलं तर दोन-तीन वर्षांत आपल्या नदीचा खरा हिशेब आपल्याकडे तयार होईल. समुद्रविज्ञान संस्थेच्या किंवा मत्स्य खात्याच्या दारात जाताना हातात तो कागद असला पाहिजे.

येत्या मासिक बैठकीत तीन विषय ठेवत आहे: मीटरची खरेदी, जेटीवर तेलाचं पिंप आणि मानशीच्या अटीबद्दल चर्चा. मासे कापणाऱ्या भगिनींनी या बैठकीला जरूर यावं, त्यांच्यासाठी वेळ संध्याकाळची ठेवली आहे. ज्यांना मानशीच्या अटीला विरोध करायचा आहे त्यांनीही यावं, मागाहून जेटीवर बोलू नये.

आपला,
सेक्रेटरी